मैफलीत टेप लावू न देणाऱ्या केसरबाईंचा आवाज सूर्यमालेबाहेर कसा गेला?

५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडामधून 'व्हॉयेजर १' हे यान आकाशात झेपावलं. त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली होती. जगभरातलं सुमारे दीड तास पुरेल इतकं संगीत तिच्यावर कोरलेलं होतं. त्यातली साडेतीन मिनिटं भैरवीची होती आणि ती भैरवी गाणारी बाई तेव्हा ८५ वर्षांची होती.

यान उडाल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ला, ती बाई गेली. नाव केसरबाई केरकर.

ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. दरवर्षी सप्टेंबरमध्ये व्हॉट्सअॅपवर ती फिरतेही. पण केसरबाईंना ध्वनिमुद्रण या प्रकाराचं फारसं प्रेम नव्हतं, हा भाग बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या गाजल्याही. मात्र समोर मैफल रंगली असताना कुणी यंत्र लावून गाणं पकडून ठेवावं, हे त्यांना खपत नसे. आपलं गाणं ऐकायचं असेल तर समोर येऊन बसा, असा त्यांचा खाक्या.

मग ज्या बाईला गाणं डबीत बंद करणं रुचत नव्हतं, तिचंच गाणं माणसाने बनवलेल्या सर्वात दूरच्या वस्तूवर कसं जाऊन बसलं? त्यासाठी गोव्यातल्या एका लहानशा गावापासून सुरुवात करावी लागते.

केरी ते कोल्हापूर

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी फोंडा तालुक्यातल्या केरी या गावी झाला. 'केरकर' हे आडनाव याच गावावरून आलं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. फोंडा परिसरात मोठमोठी देवळं होती आणि त्या देवळांच्या आधाराने गाणं-बजावणं करणारा कलावंत समाज होता. या समाजातल्या मुलींना गाणं लहानपणापासून कानावर पडे, शिकायलाही मिळे. जे मिळत नसे ते म्हणजे प्रतिष्ठा. गाणं ऐकायला येणारे त्याच बाईला आपल्या घरच्या पंगतीत बसवायला तयार नसत. केसरबाईंचा पुढचा करारी, काहींना तुसडा वाटणारा स्वभाव समजून घ्यायचा तर हे विसरून चालत नाही.

आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला नेलं गेलं. तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्या शिकल्या, पण जेमतेम आठ महिने. पुन्हा गोव्यात परतल्यावर लामगावात रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. वझेबुवा मोठे गवई, पण फिरते. ते गोव्यात येत तेव्हा शिकवणी होई, गेले की थांबे.

सोळाव्या वर्षी आई आणि मामा यांच्याबरोबर त्या मुंबईला आल्या. शेठ विठ्ठलदास द्वारकादास या धनिकाने त्यांच्या शिक्षणाची सोय लावली. सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे अधूनमधून दोनेक वर्षं शिक्षण झालं. खाँसाहेब म्हैसूर दरबारी गेल्यावर तेही सुटलं. मग थोडा काळ भास्करबुवा बखले, पुन्हा थोडा काळ वझेबुवा.

नावं पाहिली तर एकेक गुरू म्हणजे डोंगर. पण इतके गुरू असणं ही त्या काळी कौतुकाची गोष्ट नव्हती. याचा अर्थ एवढाच होता की विद्या तुकड्यातुकड्यांत मिळत होती, आणि तिशी जवळ येत चालली तरी या मुलीला स्वतःचं असं गाणं सापडलेलं नव्हतं.

अल्लादिया खाँ

१ जानेवारी १९२१ रोजी केसरबाईंनी उस्ताद अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या आणि खाँसाहेब पासष्टीचे.

अल्लादिया खाँ हे मूळचे राजस्थानातले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी ठेवलं आणि ते महाराष्ट्राचेच झाले. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला. पुढे तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही. तेव्हा त्यांनी त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकीच नव्याने घडवली. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज आपण जे ओळखतो ते हे. पेचदार, एकमेकांत गुंतत जाणाऱ्या ताना, लयीच्या आत बसवलेला प्रत्येक स्वर आणि दुर्मीळ, जोडरागांचा मोठा साठा. या घराण्याचा गवई मैफलीत बसला की श्रोत्यांतले जाणकारही रागाचं नाव ओळखताना अडखळत.

खाँसाहेब शिकवायला सहजी तयार झाले नाहीत, बऱ्याच विनवण्या झाल्या, अटी ठरल्या, असं सांगितलं जातं. तालीम मात्र सुरू झाली ती झाली. सलग अकरा वर्षं. रोज तासन् तास एकच राग, त्यातला एकच पलटा, तो घोटून अंगात भिनेपर्यंत पुढचा नाही. आपल्याकडे 'घोटून घेणे' हा शब्दप्रयोग सहज वापरला जातो. केसरबाईंच्या बाबतीत तो अक्षरशः घ्यायचा. १९३०च्या सुमारास त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या, तरी शिकणं थांबलं नाही. १६ मार्च १९४६ला अल्लादिया खाँ गेले, तोपर्यंत पंचवीस वर्षं हे नातं टिकलं.

या काळातली एक कडवट बाजूही आहे. गोव्यातल्याच कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनाही अल्लादिया खाँकडे शिकायचं होतं, किंबहुना त्या आधीपासून शिकत होत्या. केसरबाईंच्या तालमीच्या अटींमुळे मोगूबाईंचं शिक्षण खंडित झालं आणि त्यांना खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे जावं लागलं, हे संगीताच्या वर्तुळात वर्षानुवर्षं बोललं गेलं. पुढे मोगूबाई स्वतः थोर गायिका झाल्या, त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी तर घराण्याचं रूपच बदललं. दोन्ही बाया एकाच मातीतल्या, एकाच समाजातल्या, एकाच गुरूच्या. विद्या कमी आणि दारं त्याहून कमी, अशी परिस्थिती असली की जी आत शिरते ती दार लावून घेते. केसरबाईंनी दार लावून घेतलं, हे झाकण्यात अर्थ नाही.

मैफल म्हणजे काय असायची?

केसरबाईंच्या गाण्याची पहिली खूण म्हणजे आवाज. मोकळा, भरदार, तळापासून आलेला आकार. बायकांनी नाजूक, पातळ आवाजात गावं अशी अपेक्षा असण्याच्या दिवसांत त्यांचा आवाज खुलेपणाने सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाई. ध्वनिक्षेपकावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. दम इतका की लांबलचक तान एका श्वासात निघे, आणि संपताना धाप नाही, घाई नाही, समेवर अलगद येऊन बसलेली.

दुसरी खूण म्हणजे शिस्त. राग मांडताना त्या भावनेला मोकळं सोडत नसत. एखादं देऊळ बांधावं तसं एकावर एक दगड रचत जाणं. त्यामुळे काहींना त्यांचं गाणं थंड वाटे. ज्यांना त्यात बुद्धी दिसे त्यांना मात्र दुसरं काही गोड लागत नसे. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि १९३८ साली त्याचं लेखी कौतुक केलं. १९४८ साली कोलकात्यातल्या संगीतप्रेमींच्या संस्थेने त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली, आणि ती नावाला कायमची चिकटली.

बाकी मानसन्मान भराभर सांगता येतील. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून 'राज्य गायिका' हा किताब.

त्यांचा दरारा मात्र पुरस्कारांहून मोठा होता. बिदागीत घासाघीस चालत नसे. मैफलीत कुणी बोललं, उठलं, तर त्यांच्या नजरेने ते पुन्हा खाली बसे. आजच्या भाषेत याला 'अॅटिट्यूड' म्हटलं जाईल. पण ज्या समाजातल्या बायकांना बोलावलं की यायचं, म्हणाल ते गायचं आणि देतील ते घ्यायचं एवढंच माहीत होतं, त्या समाजातली एक बाई आपल्या अटी आधी सांगते आणि त्या मान्य झाल्यावरच तंबोरा जुळवते, याला तेव्हा फार मोठा अर्थ होता.

तीन मिनिटांचा राग

आता ध्वनिमुद्रणाकडे येऊ.

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवला. सुरुवातीला गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडल्यासारखं गायचं, त्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि हा छळ संपला. पण एक अडचण कायम राहिली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त काही मावत नसे.

जो राग मैफलीत पाऊण तास चाले, तो तीन मिनिटांत कसा सांगायचा? अनेक मोठ्या गवयांनी यावर नाक मुरडलं. काहींना आणखी एक भीती होती. तबकडी कुणीही विकत घेणार, ती पुन्हापुन्हा वाजवणार आणि गुरूची सेवा न करता, एक दिवसही तालीम न घेता बंदिश उचलून नेणार. ज्यांच्यासाठी विद्या हीच जमीनजुमला होती, त्यांना ही चोरी वाटणं स्वाभाविक होतं.

केसरबाईंनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रिका दिल्या. ललत, नट कामोद, ललिता गौरी असे राग त्यांत आहेत. त्या ऐकल्या तर लक्षात येतं की त्यांनी तीन मिनिटांत राग उरकलेला नाही. आलापाचा विस्तार गाळला, बंदिश सरळ हातात घेतली आणि रागाचा सांगाडा दिसेल अशा चार-सहा ताना ठेवल्या. मोठ्या वाड्याचा नकाशा एका कागदावर यावा, तसं. घराण्याचा अभ्यास करणारे आजही या मुद्रिका पुस्तकासारख्या वापरतात.

म्हणजे स्टुडिओत जाऊन, ठरवून, मोजून दिलेलं गाणं त्यांना चालत होतं. काय द्यायचं आणि काय राखायचं, याचा निर्णय तिथे त्यांच्या हातात होता. मैफलीतलं ध्वनिमुद्रण वेगळं. १९५०नंतर टेप रेकॉर्डर आले आणि तीन मिनिटांचं बंधन गेलं. आता पूर्ण राग, पूर्ण रात्र पकडता येणार होती. आणि नेमक्या याच वेळी केसरबाई सावध झाल्या. समोर कुणी यंत्र लपवून आणलंय का, कुणी नोटेशन लिहून घेतंय का, याकडे त्यांचं लक्ष असे, संशय आला तर गाणं थांबे, अशा आठवणी सांगितल्या जातात.

बझांसाँची ती संध्याकाळ

त्यांच्या या नकारामुळे किती नुकसान झालं, हे समजायला युरोपातलं एक उदाहरण उपयोगी पडेल.

दिनू लिपाती हा रुमानियाचा पियानोवादक. वय अवघं ३३, आणि रक्ताच्या असाध्य रोगाने पोखरलेला. १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधल्या बझांसाँ या गावी महोत्सवात त्याचा कार्यक्रम होता. डॉक्टरांनी आणि बायकोने जाऊ नको म्हणून सांगितलं, तरी तो गेला. बाखची एक रचना, मोझार्टचा एक सोनाटा, शूबर्टच्या दोन रचना आणि मग शोपँचे सगळे १४ वॉल्ट्झ असा बेत होता. तेरा वाजवून झाले. चौदाव्याला हातात ताकद उरली नाही. तो उठून गेला, थोड्या वेळाने परत आला आणि वॉल्ट्झऐवजी बाखचं एक छोटं भक्तिगीत वाजवून थांबला. त्यानंतर त्याने जाहीर कार्यक्रम केला नाही. २ डिसेंबरला तो गेला.

ती संध्याकाळ ध्वनिमुद्रित झाली होती. पुढे तिची रेकॉर्ड निघाली आणि कित्येक दशकं लोक ती ऐकत आहेत. लिपातीने स्टुडिओत हेच वॉल्ट्झ त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच वाजवले होते, स्वच्छ, निर्दोष. तरी बझांसाँची टेप लोकांना हवी असते, कारण तिच्यात एक माणूस समोरच्या माणसांसाठी, वेळ संपत आलेली असताना, वाजवताना ऐकू येतो. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण संगीत देतं; मैफलीतलं ध्वनिमुद्रण तो प्रसंगही देतं.

केसरबाईंच्या बाबतीत हा प्रसंग जवळजवळ हरवला. खाजगीरीत्या टिपलेली काही मोजकी गाणी रसिकांच्या संग्रहात राहिली, हातोहात फिरली. पण तीस-पस्तीस वर्षांच्या मैफलींच्या मानाने ती म्हणजे समुद्रातली ओंजळ. बाकी सगळं ऐकणाऱ्यांच्या कानांत होतं आणि ते कानही आता उरले नाहीत.

यात आणखी एक प्रश्न आहे, तो कुणाला ऐकायला मिळालं याचा. केसरबाईंच्या मैफली मुंबई, कोलकाता अशा शहरांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत होत. परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परभणीजवळच्या झरीसारख्या गावातल्या एखाद्या गाणंवेड्या माणसाने 'समोर येऊन बसा' ही अट पाळायची म्हटली असती, तर भाडं, मुक्काम आणि वर ओळखपाळख, एवढं जुळवावं लागलं असतं. त्याच्यासाठी केसरबाई म्हणजे कुणाच्या तरी घरच्या ग्रामोफोनवरची तीन मिनिटंच. मैफल राखून ठेवली की तिची किंमत राहते हे खरं, आणि दाराबाहेरचे दाराबाहेरच राहतात हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंना वजन आहे. केसरबाईंनी आपली बाजू निवडली होती.

आवाज आवरता घेतला

साठच्या दशकाच्या मध्याच्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. आवाज पूर्वीसारखा लागत नाही हे श्रोत्यांना कळायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. उतारवयात लोक सांभाळून घेतात म्हणून गात राहणं त्यांच्या स्वभावात बसलं नसतं.

मुलीला त्यांनी गाण्यात आणलं नाही. तिला शिकवून डॉक्टर केलं. कलावंत घराण्यातल्या आईने असं का केलं असेल, याचं उत्तर वर येऊन गेलं आहे. शिष्यही जवळजवळ केले नाहीत. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी याच काय त्या त्यांच्याकडे टिकून शिकल्या. धोंडूताई आधी अल्लादिया खाँचे पुत्र भुर्जी खाँ यांच्या शिष्या होत्या. १९६२च्या सुमारास त्या केसरबाईंकडे येऊ लागल्या. धोंडूताईंच्या शिष्या नमिता देवीदयाळ यांनी २००७ साली या सगळ्या परंपरेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि केसरबाईंच्या करड्या स्वभावाचे किस्से नव्या पिढीपर्यंत पोचले. मराठीत त्याच्या कितीतरी आधी पु. ल. देशपांडे यांनी त्यांचं व्यक्तिचित्र लिहून ठेवलं होतं.

नासाला भैरवी कुणी सुचवली?

१९७७ साली नासा दोन व्हॉयेजर यानं गुरू, शनी आणि त्यापलीकडे पाठवणार होती. ग्रहांची पाहणी झाल्यावर ही यानं परत येणार नव्हती. ती सूर्यमालेबाहेर जाऊन तशीच भटकत राहणार होती. कधी काळी कुणा बुद्धिमान जीवाच्या हाती लागली तर? म्हणून त्यांच्यावर पृथ्वीची ओळख करून देणारी तबकडी लावायचं ठरलं. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखाली एक छोटी समिती नेमली गेली. वेळ अगदी थोडा, काही महिन्यांचाच.

५५ भाषांमधले नमस्कार गोळा झाले. त्यांत मराठीही आहे. शंभरावर चित्रं, लाटा, पाऊस, पक्षी, रेल्वे यांचे आवाज आणि २७ संगीतरचना निवडल्या गेल्या. भारतीय संगीतासाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाचा सल्ला घेतला गेला. त्याने केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', हीच घ्या असा आग्रह धरला.

अडचण अशी की ती रेकॉर्ड मिळेना. छापणं केव्हाच बंद झालं होतं. समितीतली अॅन ड्रुयन आणि तिचे सहकारी न्यूयॉर्कभर शोधत राहिले. अखेर एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. मिक्सर-इस्त्रीच्या दुकानातल्या धूळ खात पडलेल्या खोक्यातून गाणं निघालं ते थेट अंतराळयानावर चढलं. केसरबाईंना ही जागा आवडली असती का, याची शंकाच आहे.

भैरवीची निवड हाही एक योगायोगच. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधू लागत नाहीत, पण आता निघायचंय हे सगळ्यांना कळतं. पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्याही श्रोत्याला हा संकेत माहीत नाही, तर परग्रहावरच्याला कुठून असणार? समितीने निवडलं ते गाण्याच्या गुणांवर. पण पृथ्वी सोडून चाललेल्या यानावर भैरवीच चढली, आणि तिचे शब्द कुठे निघालीस असं विचारणारे, हे मराठी कानाला चटकन जाणवतं.

शेजारी कोण आहेत?

तबकडीवर केसरबाईंच्या आधी चीनमधल्या 'छिन' या प्राचीन तंतुवाद्याची एक लांब, शांत रचना आहे. त्यांच्यानंतर लगेच ब्लाइंड विली जॉन्सन येतो. हा टेक्सासचा आंधळा, गरीब कृष्णवर्णीय गायक. शब्द न उच्चारता नुसता गुणगुणत गातो. आणि त्याच्यानंतर शेवटी बेथोव्हन. कलावंतीण म्हणून जिच्याकडे समाजाने एका नजरेने पाहिलं ती आणि रस्त्यावर गाऊन पोट भरणारा तो, बेथोव्हनच्या शेजारी एका ओळीत बसले आहेत.

याच तबकडीवर एक पियानोही आहे. कॅनडाचा ग्लेन गूल्ड बाखचं एक प्रील्यूड आणि फ्यूग वाजवतो. गूल्ड हा केसरबाईंच्या अगदी उलट्या टोकाचा माणूस. त्याला श्रोत्यांसमोर वाजवणंच नको होतं. समोर माणसं बसली की संगीताचा तमाशा होतो, असं त्याचं मत. एप्रिल १९६४मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, त्याने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओत घालवलं. तिथे तो एकच ओळ अनेकदा वाजवून त्यातले चांगले तुकडे जोडत असे. साधारण त्याच सुमारास मुंबईत केसरबाई जाहीर गाणं थांबवत होत्या. एकाला यंत्राशिवाय दुसरं काही नको होतं आणि दुसरीचा यंत्रावर विश्वास नव्हता. दोघंही आज एकाच तबकडीवर आहेत, प्रत्येकी काही मिनिटं.

आता ती भैरवी कुठे आहे?

व्हॉयेजर १ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली. व्हॉयेजर २ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी. दोन्ही यानांवर सारखीच तबकडी आहे, म्हणजे केसरबाईंची भैरवी दोन वेगळ्या दिशांना चालली आहे. व्हॉयेजर १ आता आपल्यापासून २४ अब्ज किलोमीटरपेक्षा दूर आहे. त्याची वीज हळूहळू संपत आली आहे आणि एकेक उपकरण बंद केलं जातंय. पण तबकडीला विजेची गरज नाही. अंतराळात ना हवा ना पाणी, त्यामुळे ती कोट्यवधी वर्षं टिकेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साधारण ४०,००० वर्षांनी हे यान 'ग्लीझ ४४५' या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल. वाटेत कुणी भेटण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

तबकडी वाजवायची सुई आणि ती मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी कशी फिरवायची याचं रेखाचित्र सोबत दिलं आहे. भैरवी कशी ऐकायची, याचं मात्र नाही.

इकडे केरीत केसरबाईंच्या घराच्या जागी आता त्यांच्याच नावाची शाळा भरते. गोव्यात कला अकादमी दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत समारोह घेते. तिथे गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं होतात, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या हातात मोबाईल असतो.